सरव्याचा दिवा

भाताची कापणी होऊन भारे खळ्यावर गेले, म्हणजे शेत रिकामें झालें असें वाटेवरून जाणारास वाटतें. परंतु ज्यास शेताची माहिती आहे तो जाणतो कीं, कापतांना विळ्यांतून निसटलेल्या, भारे बांधतांना गळलेल्या अशा कितीतरी लोंब्या तेथें धसकटांमध्यें पडलेल्या असतात. त्या एकेक करून उचलणें ह्यास आपल्याकडे सरवा वेचणें असें म्हणतात. सरव्यानें कोणाचें कोठार भरत नाहीं. तथापि ज्याच्या घरीं दुसरें कांहीं नाहीं, त्याच्या घरची चूल सरव्यानें पेटते. गेल्या पावसाळ्यांत मीं घरीं एक लहानसें विजेचें साधन तयार केलें. त्याची हकीकत ह्या वार्षिकांत द्यावी अशी आमच्या शास्त्राच्या गुरुजींनीं सूचना केली, तेव्हां मला प्रथम हाच शब्द आठवला. कारण तें साधन विजेचा सरवा वेचणारें आहे.

आपल्या भोंवतीं शक्तीचे असे कण रात्रंदिवस वायां जात असतात. सावलींत पडणारा उजेड, हाताची हालचाल, तापलेल्या भांड्याची धग, आकाशांतून जाणाऱ्या रेडिओच्या लहरी, ह्यांपैकीं कशाकडेहि आपण वीज म्हणून पाहत नाहीं. तथापि आपोआप किल्ली बसणारें मनगटी घड्याळ हाताच्या झोक्यावर चालतें. दुकानदाराचें लहान गणकयंत्र खोलींतील उजेडावर बेरजा करितें. आणि शंभर वर्षांपूर्वीं हौशी लोक वापरीत तो स्फटिकाचा रेडिओ बॅटरीवांचून, केवळ तारेवर आलेल्या लहरींच्या बळावर कानाशीं बोलत असे. इंग्रजींत ह्या विद्येस ऊर्जेची कापणी अशा अर्थाचें नांव आहे. मला तें नांव थोडें मोठेपणाचें वाटतें. कापणी ज्याचें शेत त्याची. येथें तर आपण सांडलेलें वेचीत असतों.

आतां हा खटाटोप कशासाठीं केला तें सांगतें. आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाडींत आहे. मागील दाराबाहेर जांभ्या दगडाच्या पांच पायऱ्या उतरून परसांत जावें लागतें. न्हाणी व शौचकूप तेथेंच आहे. पावसाळ्यांत पायऱ्यांवर शेवाळ धरतें, आणि ज्या रात्रीं वारापाऊस अधिक, नेमकी त्याच रात्रीं कोठेंतरी फांदी तारेवर पडून वीज जाते. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत अशाच एका रात्रीं माझी आजी तिसऱ्या पायरीवरून घसरली व तिचें मनगट मोडलें. हाड दोन महिन्यांत सांधलें. भीति मात्र गेली नाहीं. तेव्हांपासून दिवेलागणीनंतर ती पाण्याचा घोट घेईनाशी झाली. रात्रीं उठावें लागूं नये, म्हणून! डॉक्टरांनीं तर तिला पाणी भरपूर पिण्यास बजावून सांगितलें होतें. आई रोज रात्रीं तिच्या उशाशीं तांब्या भरून ठेवी, आणि सकाळीं तो तसाच भरलेला उचलून नेई. ह्याविषयीं घरांत कोणी मोठ्यानें बोलत नसे. परंतु तो भरलेला तांब्या सर्वांस दिसत असे.

घरांत विजेरी नव्हती असें नाहीं. परंतु आजीच्या एका हातांत काठी, दुसरा हात भिंतीच्या आधारास. विजेरी धरावयास तिसरा हात आणावा कोठून? शिवाय कोंकणच्या दमट हवेंत सेल पाझरतात, आणि हवे त्या वेळीं विजेरी लागेलच अशी खात्री नसते. म्हणून मीं मनाशीं तीन अटी घातल्या. दार उघडतांच दिवा आपोआप लागावा. त्यास सेल बदलण्याची गरज पडूं नये. आणि घरांतील कोणासहि त्याची आठवण ठेवावी लागूं नये.

वीज आणावयाची कोठून, हा पहिला प्रश्न. आमच्या मागच्या भिंतीस ऊन लागत नाहीं. बाजू उत्तरेची, वर कौलांची वळचण, आणि समोर फणसाचें मोठें झाड. सौर पॅनेल छपरावर बसवावें तर तेथें माकडांची ये-जा, फणसाचा पाला, आणि तो झाडण्यास पावसांत कौलांवर चढणार कोण? एकीस पडण्यापासून वांचविण्यासाठीं दुसऱ्यानें छपरावर चढावें, ही व्यवस्था मला बरी दिसेना. म्हणून तळहाताहून थोडें मोठें असें एक पॅनेल वळचणीखालींच, हात पोंचेल अशा उंचीवर लावण्याचें ठरविलें. त्यांत सिलिकॉनच्या आठ चकत्या एकापुढें एक जोडलेल्या आहेत. प्रकाशापासून वीज देणारी, व्यवहारांत उपयोगी पडेल अशी सिलिकॉनची पहिली चकती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं जगापुढें मांडली; तिचेच हे धाकटे वंशज.

भर उन्हांत माझें पॅनेल सुमारें १०० मिलिॲम्पिअर प्रवाह देतें. वळचणीखालीं तोच प्रवाह स्वच्छ दिवशीं १.५ मिलिॲम्पिअरवर येतो; पाऊस असतां ०.३ वर; आणि आभाळ अगदीं काळवंडून आलें म्हणजे ०.२ वर. हे आंकडे मीं गुरुजींकडून मल्टिमीटर मागून आणून ज्येष्ठांत आठ दिवस तासातासानें घेतले. मी शाळेंत असें तेव्हां आई घेई व बचतगटाच्या हिशेबाच्या वहींत मागच्या पानावर टिपून ठेवी. उन्हांत मिळणाऱ्या विजेचा सुमारें सदुसष्टावा किंवा पांचशेंवा भाग! परंतु सरवा म्हणजे हाच.

हा थेंब थेंब सांठवावयाचा कशांत? साध्या पेन्सिल सेलांत दहा हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा असते. पण ती एकदां संपली कीं संपली. पुन्हां भरतां येणारे सेल कांहीं शें ते हजार वेळां भरतां येतात. रोज एक वेळ म्हटलें तरी दोन-तीन वर्षांत त्यांचें आयुष्य सरतें. मीं जो निवडला तो सुपरकपॅसिटर अंगठ्याएवढा असून त्यांत जेमतेम ८४ ज्यूल ऊर्जा राहते. परंतु सेलांत प्रत्येक वेळीं रासायनिक क्रिया घडून आंतील पदार्थ बदलतात, तसें येथें होत नाहीं. विद्युद्भार केवळ पृष्ठभागावर येऊन बसतो आणि उठून जातो. त्यामुळें तो लाखों वेळां भरतां व रिता करतां येतो.

ह्याची रचना मोठी मौजेची आहे. विजेचा भार सांठविणाऱ्या साधनास आपण धारित्र म्हणतों. त्याच्या पट्ट्या जितक्या विस्तृत व त्यांमधील अंतर जितकें थोडें, तितकी त्याची धारणा मोठी. घन पदार्थ व द्रव ह्यांच्या सीमेवर विद्युद्भाराचे दोन थर अत्यंत जवळ समोरासमोर उभे राहतात, हें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स ह्यानें १८५३ सालीं सांगितलें. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंत बेकर नांवाच्या संशोधकानें सच्छिद्र कोळशावर ह्या थरांचा उपयोग करून घेणाऱ्या धारित्राचें पेटंट मिळविलें. ह्या कोळशाच्या एका ग्रॅमांतील सर्व छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो एक हजार चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें दहा गुंठे भरतो! आणि हा कोळसा पुष्कळदां कशापासून करितात? नारळाच्या करवंटीपासून. ज्या करवंट्या आपण न्हाणीच्या चुलींत घालतों, त्यांच्याच जातीच्या राखुंडीकडून आजीच्या पायरीवर उजेड पडावयाचा होता, हें ऐकून आजीस हंसूं आवरेना.

येथवर साहित्य ठरलें. परंतु साहित्य म्हणजे योजना नव्हे. योजना म्हणजे जमाखर्च, हें मला आईच्या वहीनें शिकविलें. बचतगटाची वही लिहितांना ती खर्चाची बाजू आधीं मांडते. जमा होईल तेवढी होईल. खर्च मात्र ठाऊक असलाच पाहिजे, असें तिचें म्हणणें. मीं तसेंच केलें.

धान्यास जशी पायली, तसा विद्युद्भारास कूलोम. एक ॲम्पिअर प्रवाह एक सेकंद वाहिला म्हणजे एक कूलोम झाला. सुपरकपॅसिटरचें माप फॅरड. हें नांव लोहाराच्या घरीं जन्मलेल्या, आणि पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत शास्त्र शिकलेल्या मायकेल फॅरडे ह्याच्यावरून पडलें आहे. एक फॅरडच्या साधनांत एक कूलोम भार घातला कीं त्याचा विद्युद्दाब एक व्होल्टनें चढतो. माझें साधन २५ फॅरडचें. तें २.७ व्होल्टहून अधिक दाब सोसत नाहीं, म्हणून मीं २.६ ही वरची मर्यादा धरली; आणि २.१ च्या खालीं दिवा फारच मंद होतो, म्हणून ती खालची. मधल्या अर्ध्या व्होल्टांत साडेबारा कूलोम मावतात. हीच आमची कणगी.

आतां खर्च. दिवा पिवळ्या रंगाच्या एका एल्. ई. डी. चा, त्यास ३ मिलिॲम्पिअर पुरेत. आजी रात्रींतून चार वेळां उठली व प्रत्येक वेळीं पांच मिनिटें दिवा जळला असें धरलें, तर ३.६ कूलोम. सुपरकपॅसिटर स्वस्थ बसूनहि थोडा झिरपतो. मीं तो भरून ठेवून पाहिला तेव्हां, प्रारंभींचे कांहीं दिवस गेल्यावर, चोवीस तासांत त्याचा दाब ०.१५ व्होल्टनें उतरे, म्हणजे पावणेचार कूलोम. किरकोळ मिळून दिवसाचा खर्च साडेसात कूलोम. जमेकडे पाहिलें तर स्वच्छ दिवशीं नऊ तासांत ४८ कूलोम येत. पावसाच्या दिवशीं आठ तासांत साडेआठ. परंतु काळवंडलेल्या दिवशीं पावणेसहाच. म्हणजे अशा दिवशीं पावणेदोन कूलोम तूट. कणगींत साडेबारा आहेत; तेव्हां लागोपाठ सात काळे दिवस निभावतील, आठवा निभावणार नाहीं.

हा हिशेब समोर असल्यामुळें दोन मोहांपासून मी वांचलें. पहिला मोह असा कीं, माणूस जवळ येतांच दिवा लावणारा जो संवेदक बाजारांत सहज मिळतो, तो बसवावा. परंतु तो रात्रंदिवस जागा राहून सुमारें ५० मायक्रोॲम्पिअर खातो. आंकडा दिसावयास लहान. दिवसाचे मात्र सव्वाचार कूलोम होतात. दिव्यास लागतात साडेतीन, आणि दिव्याच्या राखणदारास सव्वाचार! दुसरा मोह दोन सुपरकपॅसिटर एकापुढें एक जोडून दुप्पट दाब मिळवावा व पांढराशुभ्र दिवा लावावा, हा होता. परंतु अशा जोडींत एकावर अधिक दाब येऊन तो बिघडूं नये म्हणून दोहोंवर समतोल राखणारे रोध घालावे लागतात, आणि त्यांतून प्रवाह अखंड वाहत राहतो. दहा हजार ओहमचे रोध घातले तर दिवसास एकवीस कूलोमांहून अधिक खर्च. म्हणजे सगळ्या संसाराच्या जवळजवळ तिप्पट.

मी हा हिशेब आईस वाचून दाखवीत होतें, तेव्हां आजी तांदूळ निवडीत बसली होती. कूलोम म्हणजे काय हें तिला ठाऊक नव्हतें, पण राखणदाराची गोष्ट ऐकून ती म्हणाली, “पोरी, आम्ही लहानपणीं आईबरोबर सरव्याला जात असूं, तेव्हां ती सांगे कीं, सरव्याला जातांना शिदोरी मोठी बांधूं नये. दिवसभर वेचून आणायचें पसाभर, आणि खाऊन यायची दोन भाकऱ्या, मग गेलीसच कशाला?” ह्या विषयावरचें एक इंग्रजी पुस्तक मीं वाचलें होतें, परंतु त्याचें सार इतक्या थोड्या शब्दांत मला मांडतां आलें नसतें. वेचणाऱ्यानें वेचलेल्याहून अधिक खाऊं नये, हाच ह्या विद्येचा पहिला नियम आहे.

म्हणून राखणदार असा शोधला कीं ज्यास शिदोरीच लागत नाहीं. कांचेच्या बारीक नळींत दोन लोखंडी पात्या असलेला रीड स्विच नांवाचा एक स्विच मिळतो. चुंबकाच्या सान्निध्यांत त्याची स्थिति पालटते, आणि त्यासाठीं त्यास वीज मुळींच लागत नाहीं. चुंबक दाराच्या फळीवर व स्विच चौकटीवर बसविला. दार मिटलेलें असतां दिवा बंद. दार उघडून चुंबक दूर गेला कीं दिवा चालू.

बाकीची जोडणी सांगावयास सोपी आहे. पॅनेलापासून येणारा प्रवाह शॉट्की जातीच्या एका डायोडमधून सुपरकपॅसिटरांत जातो. डायोड म्हणजे एकाच बाजूस उघडणारें दार. तें नसतें तर दिवसा मिळविलेलें रात्रीं पॅनेलांतून परत गेलें असतें. हा दारवान फुकट काम करीत नाहीं. साधा डायोड अर्ध्या व्होल्टाहून अधिक बलुतें घेतो. शॉट्की डायोड इतक्या थोड्या प्रवाहास सुमारें ०.२ व्होल्टांत संतुष्ट होतो. कधीं स्वच्छ दिवसांची रांग लागली तर साधन मर्यादेपलीकडे भरूं नये, म्हणून दाबावर नजर ठेवणारा तीन पायांचा एक चिमुकला भाग बसविला आहे. दाब २.६ व्होल्टांवर पोंचतांच तो एका ट्रान्झिस्टरकरवीं पॅनेलाचा प्रवाह परस्पर वळवून देतो. स्वतः तो एक मायक्रोॲम्पिअरवर भागवितो. शेवटीं सुपरकपॅसिटर, रीड स्विच, २२० ओहमचा रोध व दिवा. सर्व मिळून पांचशें रुपयांच्या आंत झालें. सांधे सोल्डर करून सर्व जोडणी लोणच्याच्या रिकाम्या बरणींत बंद केली, आणि दिवा तिसऱ्या पायरीच्या बाजूस, गुडघ्याहून खालीं, वर एक पन्हाळी कौल लावून बसविला. इतका लहान दिवा दाराच्या वर लावला असता तर कांहींच दिसलें नसतें. पायरीजवळ असल्यामुळें दगडाची कड व शेवाळाचा हिरवा डाग स्पष्ट दिसतो.

पहिल्या दिवशीं आजीनें भर दुपारीं काठीनें दार लोटून चार वेळां दिवा लागतो कीं नाहीं हें पाहिलें. ते चार वेळहि मीं खर्चांत मांडले.

खरी परीक्षा आषाढांत झाली. दुसऱ्या आठवड्यांत आभाळ असें काळें झालें कीं दुपारीं दोन वाजतां घरांत दिवा लावावा लागे, आणि लावावयास वीज मात्र नसे. सहांपैकीं पांच रात्री ती आलीच नाहीं. मी रोज सकाळीं दाब मोजून वहींत लिही. पहिल्या दिवशीं २.६० होता, मग २.५३, २.४६, २.३९ असा तो उतरत गेला. कागदावर मांडलेली तूट डोळ्यांसमोर खरी होतांना पाहून एकीकडे समाधान वाटे व दुसरीकडे धास्ती. कारण आंकड्यांचा विषय आतां आंकड्यांचा राहिला नव्हता. दुसऱ्या रात्रीं आजीनें उशाशीं ठेविलेल्या तांब्यांतलें पाणी अर्धें संपविलें होतें. तिनें त्या दिव्यावर भरंवसा टाकला होता, आणि असा भरंवसा एकदां मोडला तर म्हातारें माणूस तो पुन्हां टाकीत नाहीं. आईनें कंदील पुसून, रॉकेल भरून कोनाड्यांत ठेविला. मात्र आजीस सांगितलें नाहीं.

सातव्या दिवशीं सकाळीं दाब २.१८ होता. त्या पहाटे दिवा मंद होता खरा, परंतु पायरीची कड दिसत होती. नऊ वाजण्याच्या सुमारास फणसाच्या पानांवर ऊन चमकलें. वळचणीखालीं ऊन आलें नाहीं, नुसता उजेड आला. आणि दोन तासांत दाब २.५० च्या पुढें गेला. सहा दिवसांची तूट एका सकाळच्या सांडलेल्या उजेडानें भरून निघाली. त्या दिवशीं शाळेंत पोंचावयास मला मधल्या सुटीपर्यंत उशीर झाला. कारण मल्टिमीटरपुढून उठवेना.

ह्या दिव्याविषयीं कोणी भलती आशा धरूं नये. त्यावर पंखा चालणार नाहीं, मोबाईल भरणार नाहीं, अभ्यासहि होणार नाहीं. सुपरकपॅसिटरची मोठी कामें वेगळीं आहेत. चीनमधील शांघाय शहरांत २००६ सालीं त्यांवर चालणाऱ्या बसगाड्या रस्त्यावर आल्या, व त्या थांब्याथांब्यावर उतारू चढेपर्यंत भरून घेतल्या जात. आमचें काम एवढेंच कीं, पांच पायऱ्या दिसाव्या. परंतु माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींस एक सुचवावेंसें वाटतें. साहित्य विकत घेण्यापूर्वीं आठ दिवस आपल्या अंगणांत, खिडकींत, सायकलीवर काय सांडतें तें मोजून पाहावें. आणि आपणांस जें पाहिजे तें खरोखर किती थोड्यांत भागतें, हेंहि मोजावें. दुसरें मोजणें पहिल्याहून अधिक महत्त्वाचें आहे. मला दिवा पाहिजे असें म्हणत राहिलें असतें तर तो वळचणीखालीं कधींच लागला नसता. आजीला पायरी दिसली पाहिजे असें म्हटलें, तेव्हां तो ३ मिलिॲम्पिअरमध्यें लागला.

आतां शेजारच्या दोन घरांतून असाच दिवा करून देण्याविषयीं विचारणा झाली आहे. त्यांच्या परसांतील उजेडाचे आंकडे घेण्याचें काम मीं त्यांच्याच मुलांकडे सोपविलें आहे. आजी त्यांना दिवा दाखवितांना विजेचा दिवा असें म्हणत नाहीं, सरव्याचा दिवा म्हणते. सकाळीं तिच्या उशाजवळचा तांब्या उचलण्यास आई जाते, तेव्हां तो हलका लागतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता १० वी